डॅशकॅममध्ये कार्ड टाकलं की 'कार्ड एरर' येतोय, काय करावं?

वर्धारोडवाला:
नमस्कार मंडळी. गाडीला नुकताच डॅशकॅम बसवून घेतला, समोरचा आणि मागचा असा जोडीचा सेट आहे. बसवणाऱ्या पोराने काम छान केलं, वायर पिलरच्या आतून नेली, मागच्या कॅमेऱ्याची वायर छताच्या कापडाखालून ओढली, कुठेच लोंबत नाही. पण कार्ड तुमचं तुम्ही टाका म्हणाला आणि गेला. मी ऑनलाइन १२८ जीबीचं मायक्रो एसडी मागवलं. आता ते टाकलं की स्क्रीनवर कार्ड एरर येते, फॉरमॅट करा म्हणते, फॉरमॅट दाबलं की थोडा वेळ फिरत राहते आणि फेल. पुस्तकात २५६ जीबीपर्यंत चालते असं स्पष्ट लिहिलेलं आहे. हेच कार्ड मोबाईलमध्ये टाकलं तर बरोबर १२८ दाखवते. आईबाबांना घेऊन समृद्धीने मुंबईला जायचं आहे, त्याच्या आधी हे सुरू व्हायलाच पाहिजे. मी कार्ड उलटं टाकतोय की कार्डच खराब आहे की कॅमेऱ्यात काही आहे? कोणी नीट सांगेल का बाप्पा.

सुहास_डोंबिवली:
उलटं नसणार. उलटं टाकलं तर ते पूर्ण आत जातच नाही आणि कॅमेरा 'कार्ड टाका' एवढंच म्हणतो. तुमच्याकडे एरर येतोय म्हणजे कार्ड त्याला दिसतंय पण वाचता किंवा लिहिता येत नाहीये. कार्डवर काय काय छापलंय ते सगळं इथे लिहा.

रंकाळा_ऑटो:
दादा, माझं कोल्हापुरात गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे, कॅमेरे रोज बसतात आमच्याकडे, त्यामुळं टाकायची पद्धत आधी सांगतो, मग बाकीचं बघू.

पहिलं म्हणजे गाडी बंद करायची, चावी काढायची आणि कॅमेऱ्याचा दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबायचं. चावी काढली म्हणजे कॅमेरा लगेच मेला असं नसतं, आत छोटी बॅटरी किंवा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, असतो आणि त्याच्यावर तो शेवटची फाईल नीट बंद करत असतो काही सेकंद. लोक नेमके त्याच वेळेला कार्ड उपसतात, मग शेवटची क्लिप उघडत नाही आणि कधी कधी सगळ्या कार्डाचीच वाट लागते. पार्किंग मोडसाठी, म्हणजे उभ्या गाडीतही रेकॉर्डिंग चालू राहावं म्हणून, वायर थेट फ्यूज बॉक्सला दिली असेल तर चावी काढून काहीच होत नाही, कॅमेरा चालूच राहतो, मग बटणानं बंद करा किंवा वायरच काढा.

दुसरं, कार्ड ते केवढं, १५ बाय ११ मिलिमीटर आणि जाडी १. हातातून निसटलं की थेट सीटच्या रुळात नाहीतर डॅशबोर्ड आणि काचेच्या फटीत. तिथं गेलं तर डॅशबोर्ड खोलल्याशिवाय हाताला लागत नाही. म्हणून मी पोरांना सांगतो, आधी डॅशबोर्डवर फडकं पसरा, पार काचेच्या कडेपर्यंत, मग कार्ड हातात घ्या. कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांना बोट लावायचं नाही, कडेनं धरायचं. खाचेशेजारी बारीक चित्र असतंय कार्ड कसं धरायचं त्याचं, पण काळ्यावर काळं असतंय, मोबाईलची बॅटरी मारून बघा. सरळ गेलं की शेवटच्या दोन मिलिमीटरला स्प्रिंग लागते, तिथं बोटाचं मांस पुरत नाही, नखानं किंवा नाण्याच्या कडेनं आत ढकलायचं, बारीक टक असा आवाज येतो आणि कार्ड कडेच्या बरोबरीला बसतं. टक झालं नाही तर कार्ड बसलेलं नाही, खड्ड्यात गाडी आदळली की सुटणार. आणि जोर लावायचा नाही, अडतंय म्हणजे बाजू चुकली आहे. काढताना परत तसंच आत दाबायचं, बोट पटकन सोडायचं नाही, स्प्रिंग कार्ड उडवते.

वर्धारोडवाला:
दादा, तुम्ही सांगितलं तसंच केलं, फडकं बिडकं टाकून. टक आवाज येते, कार्ड पक्कं बसते. एरर तोच. कार्डवर १२८ जीबी, क्लास १०, यू३, ए१ असं छापलेलं आहे. किंमत बाकीच्यांच्या अर्ध्याच्या आसपास होती, ऑफर चालू होती म्हणून घेतलं. नाव मोठ्या कंपनीचंच आहे पण छपाई जराशी फिकी वाटून राहिली आता बघितलं तर.

नेकारकाठ:
अर्धी किंमत आणि फिकी छपाई वाचून शंका येतेय. नकली कार्डांचा धंदा कसा चालतो ते माहीत असू द्या. आत चिप असते १६ किंवा ३२ जीबीची, पण कार्डाच्या कंट्रोलरला, म्हणजे आतला कारभार बघणाऱ्या चिपला, शिकवलेलं असतं की कोणी विचारलं तर १२८ सांग. त्यामुळे मोबाईल १२८ दाखवतो, लॅपटॉप १२८ दाखवतो, फोटो टाकले तरी जातात. खरी जागा भरली की पुढचं सगळं हवेत, फाईलींची नावं दिसतात पण आत काही नसतं. म्हणून मोबाईलमध्ये बरोबर दिसतं हा काही पुरावा नाही.

तपासायचा खात्रीचा मार्ग एकच, कार्ड काठोकाठ भरायचं आणि भरलेलं परत वाचून बघायचं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, इथल्या म्हणजे जर्मनीतल्या एका संगणक मासिकाने काढलेलं, जुनं आहे पण आजही चालतं. मॅक किंवा लिनक्स असेल तर एफथ्री. कार्ड आधी रिकामं करा, रीडरमध्ये घाला, पूर्ण जागा निवडा आणि चालू करून जेवायला जा कारण १२८ जीबी लिहून परत वाचायला दोन-तीन तास सहज जातात. शेवटी हिरव्या पाटीत निकाल आला तर कार्ड अस्सल, लाल आली तर किती जागा खरी आणि किती खोटी ते आकड्यात सांगतो. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, परत करताना विक्रेत्याशी वाद घालावा लागत नाही.

रंकाळा_ऑटो:
हे एकदम बरोबर बोललात. पण दादा टेस्ट करायच्या आधी अजून एक शक्यता सांगून ठेवतो कारण हाच धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं कार्ड अस्सल असून पण एरर येत असेल. कार्डावर फाईली मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात, ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ मध्ये येतात आणि ६४ पासून पुढची कारखान्यातूनच एक्सफॅट मध्ये फॉरमॅट होऊन येतात. बऱ्याच कॅमेऱ्यांना फॅट३२ च लागतं. चांगला कॅमेरा स्वतःच फॉरमॅट करून घेतो, पण काही स्वस्तातले अडून बसतात. विंडोजच्या उजव्या क्लिकवाल्या फॉरमॅटमध्ये ३२ च्या वरच्या कार्डाला फॅट३२ चा पर्यायच दिसत नाही, त्यासाठी रूफससारखं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. तिथं एकदा फॅट३२ करायचं आणि मग परत कॅमेऱ्यात टाकून कॅमेऱ्याच्याच मेनूतनं फॉरमॅट मारायचं. शेवटचं फॉरमॅट नेहमी कॅमेऱ्यातच, कारण त्याला हवे ते फोल्डर आणि हव्या त्या आकाराचे कप्पे तो स्वतः पाडून घेतो.

वर्धारोडवाला:
टेस्ट झाली. लाल पाटी. ३० जीबीच्या आसपास डेटा ठीक आणि बाकी सगळा लॉस्ट दाखवते. म्हणजे १२८ च्या नावाखाली ३२ चंच कार्ड गळ्यात मारलं. स्क्रीनशॉट टाकून परतीची विनंती केली, मंजूर झाली. नेकारकाठ तुमचे मनापासून आभार, हे कोणी सांगितलं नसतं तर मी कॅमेराच परत पाठवला असता. आता नवीन कोणतं घेऊ तेवढं सांगा, यावेळी दुकानातून बिल घेऊन घेतो.

पिंपरी_चाकं:
३२ जीबीचं साधं घ्या आणि विषय संपवा. नाहीतरी जुनं पुसून नवीन लिहितो तो, मोठं कार्ड घेऊन काय पिक्चर साठवायचेत का.

मेधा_सातारा:
पिंपरी_चाकं, असं नका सांगू हो, यांना समृद्धीने जायचंय. जरा हिशोब करून बघा. दोन कॅमेरे मिळून सेकंदाला साधारण २६ मेगाबिट लिहितात असं धरू, म्हणजे सव्वातीन मेगाबाइट, म्हणजे तासाला जवळजवळ १२ जीबी. ३२ चं कार्ड पावणेतीन तासांत भरलं आणि जुनं पुसायला सुरुवात. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, म्हातारी माणसं बरोबर, चहापाणी धरून आठ तास तरी जाणारच. मुंबईत पोचेपर्यंत कार्डावर कसंबसं शिर्डीच्या पुढचं उरेल. जालन्याजवळ कोणी कट मारून आरसा तोडून गेला असेल तर संध्याकाळी ती क्लिप शोधायला जाल तेव्हा तिच्यावर इगतपुरीचे बोगदे रेकॉर्ड झालेले असतील. १२८ मध्ये तोच कॅमेरा साडेदहा तासांच्या वर साठवतो, सगळा प्रवास बसतो. खरं तर थोडी जागा कॅमेरा धडकेच्या क्लिपांसाठी वेगळी राखतो, त्यामुळे हातात याहून कमीच येतं.

पण याहून महत्त्वाची गोष्ट आयुष्याची आहे आणि ती दुकानदार सहसा सांगत नाहीत. सगळे क्लास १०, यू३, व्ही३० बघत बसतात. क्लास १० आणि यू१ म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट लिहिणार, यू३ आणि व्ही३० म्हणजे ३०. आणि आपल्याला लागतात किती, सव्वातीन! फोर-के घेतला तरी पाच-सहा. ए१ ए२ तर मोबाईलमध्ये ॲप चालवण्यासाठीचा शिक्का आहे, कॅमेऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. वेग कुठल्याही बऱ्या कार्डात पुरून उरतो. कार्ड मरतं ते झिजून. चिपमधली प्रत्येक जागा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येते, पाटी पुसून पुसून शेवटी खडू उमटेनासा होतो तसं. फोटोच्या कॅमेऱ्यात कार्ड वर्षात मोजक्या वेळा भरतं, डॅशकॅममध्ये ३२ चं कार्ड लांबच्या प्रवासात दिवसातून तीन-चार वेळा.

म्हणून पाकिटावर 'एन्ड्युरन्स' शब्द बघून घ्या. सॅनडिस्कचं हाय एन्ड्युरन्स आणि मॅक्स एन्ड्युरन्स येतं, सॅमसंगचं प्रो एन्ड्युरन्स येतं. आणि मोठं कार्ड जास्त टिकतं हे त्यांच्याच आकड्यांत दिसतं, प्रो एन्ड्युरन्सच्या ३२ जीबीला कंपनी १७,५२० तास सांगते आणि १२८ ला ७०,०८०, बरोबर चौपट, कारण तेच लिखाण चौपट जागेवर वाटलं जातं. हे आकडे फुल एचडीच्या सेकंदाला २६ मेगाबिट लिखाणाचे आहेत, म्हणजे आपण वर धरलं तेवढंच, तुमचे कॅमेरे याहून जास्त लिहीत असतील तर त्या प्रमाणात कमी धरा, तरी खूप झाले. साध्या कार्डांच्या वॉरंटीतली बारीक अक्षरं वाचा, सतत रेकॉर्डिंगचा वापर बऱ्याचदा वगळलेला असतो.

पिंपरी_चाकं:
हा हिशोब माहीत नव्हता, पटला. माझी गाडी ऑफिस ते घर एवढीच फिरते आणि एकच कॅमेरा आहे म्हणून ३२ पुरतं.

तवेरा_सांगली:
ताई माझी टूरची गाडी आहे रोज दहा तास तरी चालते, दोन कॅमेरे, ३२ चं साधं कार्ड. सहा महिन्यांत दुसरं कार्ड गेलं आणि आता तिसऱ्याचं पण लक्षण बरोबर नाही, फॉरमॅट मारतो, झालं म्हणतंय, आणि गाडी चालू केली की जुन्याच क्लिपा परत दिसतात गेल्या महिन्यातल्या, भूत बसल्यासारखं. कॅमेरा खराब झालाय का?

मेधा_सातारा:
दादा, कॅमेरा चांगला आहे, कार्ड संपलंय. कार्डाचं आयुष्य सरलं की आतला कंट्रोलर लिहिणं बंद करतो आणि फक्त वाचू देतो. फॉरमॅट केल्यासारखं दिसतं पण प्रत्यक्षात काहीच पुसलं जात नाही, म्हणून जुन्या क्लिपा परत येतात. आज ते कार्ड काढा, कारण आत्ता तुमच्या गाडीत रेकॉर्डिंग होतच नाहीये. तुमचा हिशोब असा, दिवसाला सुमारे ११७ जीबी लिखाण. ३२ च्या कार्डावर ते वर्षाला १,३०० च्या वर वेळा पूर्ण भरून पुसलं जातं, १२८ वर साडेतीनशेच्या आत. १२८ किंवा २५६ एन्ड्युरन्सच घ्या.

याच्या आधीची लक्षणंही सांगते. दोन क्लिपांच्या मध्ये काही सेकंद गायब, शून्य आकाराच्या फाईली, 'कार्ड स्लो' असा संदेश, चालता चालता कॅमेरा आपोआप बंद चालू. यातलं एक दिसलं तरी कार्ड बदला. आणि काहीच दिसत नसलं तरी महिन्यातून एकदा लॅपटॉपवर दोन-चार क्लिपा उघडून बघा, सुरुवातीची, मधली, शेवटची. लाल दिवा लुकलुकतोय म्हणजे रेकॉर्ड होतंय असं धरून चालू नका, खूप जणांना अपघात झाल्यावर कळतं की कार्ड कधीच गेलेलं होतं.

रंकाळा_ऑटो:
तवेरा भाऊ, एक अजून बघा. कॅमेऱ्यात जी-सेन्सर असतो, हादरा बसला की ती क्लिप कुलूपबंद करतो आणि ती आपोआप पुसली जात नाही. आपल्याकडचे स्पीडब्रेकर आणि खड्डे त्याला धडकच वाटतात. सेन्सर हायवर असला की सांगली ते मिरज जाईपर्यंत पाच-पन्नास क्लिपा कुलूपबंद. काही कॅमेरे अशा क्लिपांची जागा भरली की जुन्या स्वतः काढतात पण काहीजण कार्ड फुल म्हणून रेकॉर्डिंगच थांबवतात. गिऱ्हाईक येतं, १२८ चं कार्ड आहे तरी फुल दाखवतंय म्हणून, आणि उघडून बघावं तर इव्हेंटच्या फोल्डरमध्ये नुसते स्पीडब्रेकर. सेन्सर लो ला ठेवा आणि पंधरा दिवसांनी, लागणाऱ्या क्लिपा काढून घेऊन, कॅमेऱ्यातनं एकदा फॉरमॅट मारा.

सुहास_डोंबिवली:
वर्धारोडवाल्यांसाठी उन्हाचं पण कोणीतरी सांगा. तिकडे मे मध्ये ४५ च्या वर जातं.

नेकारकाठ:
कार्ड सहसा ८५ अंशांपर्यंत चालतं, कॅमेरे बहुतेक ६० ते ७० पर्यंत. म्हणजे आधी कॅमेरा दम तोडतो. बॅटरीवाला कॅमेरा बंद गाडीत उन्हात फुगतो, नागपूरकडे कपॅसिटरवालाच बरा. आणि उन्हात उभ्या गाडीतून कार्ड लगेच उपसू नका, गाडी थोडी गार होऊ द्या, चटका बसला की हातातून पडतं.

ॲड_खानदेश:
कार्ड बसवण्यावर खूप चांगली चर्चा झाली, पुढचं मी सांगतो, कारण क्लिप असूनही हातची जाते ती इथे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी त्याचं कलम ६३. पूर्वी पुरावा कायद्याचं ६५ब होतं त्याच्या जागी हे. क्लिपबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे फाईलमधल्या डेटावरून काढलेला तिचा बोटाच्या ठशासारखा क्रमांक, लिहावं लागतं. क्लिपमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी हॅश बदलतं. म्हणून अपघात झाला की पहिली गोष्ट, माणसांना मदत, ती झाल्यावर कॅमेरा बंद करून कार्ड बाहेर. दुसरं कार्ड डिकीत ठेवलेलं असावं, ते घालून पुढे जा. मूळ कार्ड पाकिटात घालून बाजूला ठेवा. लॅपटॉपवर कॉपी करताना मायक्रो एसडी ज्यात घालतात ते मोठं ॲडाप्टर वापरा आणि त्याच्या कडेचं लॉकचं बटण खाली करा, मायक्रो एसडीला स्वतःचं लॉक नसतं, ॲडाप्टरला असतं. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप दाबून लहान केलेली असते, तिच्यातल्या नंबरप्लेटी वाचता येत नाहीत आणि हॅशही जुळत नाही. पोलिसांनी कार्ड मागितलं तर जरूर द्या पण पंचनाम्यात त्याची नोंद झाली का ते वाचूनच सही करा.

आणि घड्याळ! कार्ड घातल्यावर कॅमेऱ्याची तारीख-वेळ बघा. जीपीएस असेल तर वेळेचा विभाग +५:३० आहे ना ते तपासा. अपघात दुपारी आणि क्लिपवर सकाळची वेळ असेल तर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

वर्धारोडवाला:
सगळ्यांचे आभार. बर्डीवरच्या दुकानातून १२८ चं एन्ड्युरन्स आणलं, आधी टेस्ट लावली, हिरवी पाटी आली. कॅमेऱ्यात टाकलं, फॉरमॅट झटक्यात झालं. सेन्सर लो, घड्याळ बरोबर, क्लिपची लांबी ३ मिनिटं ठेवली. वर्धा रोडवर चक्कर मारून आलो, घरी लॅपटॉपवर उघडून बघितल्या, मागच्या कॅमेऱ्यातून रात्री पण नंबर वाचता येते. वकील साहेबांनी म्हटल्यासारखं एक जादाचं कार्ड पण घेऊन ठेवलं.

तवेरा_सांगली:
मंडळी तातडीचं आहे. कालच १२८ चं एन्ड्युरन्स टाकलं. आज सकाळी मिरज स्टेशनच्या बाहेर गाडी लावून चहा प्यायला गेलो, आलो तर मागचा बंपर फाटलेला. कॅमेरा चालू होता पण इव्हेंटमध्ये काहीच नाही. तेव्हापासून दोन भाडी मारली. आता काय करू?

रंकाळा_ऑटो:
गाडी बाजूला घ्या आणि कार्ड काढा, आधी ते. चालू ठेवलं तर तो पुढं लिहीत राहणार. सेन्सर लो ला असेल तर हळू घासलेलं त्याला कळलं नसणार, पण साध्या रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये असेल. तुमच्या कार्डात दहा तासांचं राहतंय, सकाळचं असायलाच पाहिजे. वेळ आठवून त्याच्या आगेमागे अर्ध्या तासाच्या मागच्या कॅमेऱ्याच्या क्लिपा बघा. ती पुसली गेली असेल आणि जागेवर नवीन लिहिलं नसेल तरच फोटोरेकसारख्या सॉफ्टवेअरनं काढता येते, वर लिहिलं गेलं की मग कुणालाच काढता येत नाही.

ॲड_खानदेश:
आणि सापडली तर तिला कापू नका, नाव बदलू नका, आहे तशीच राहू द्या. कार्डही परत कॅमेऱ्यात घालू नका.

तवेरा_सांगली:
सापडली. ९ वाजून ४० मिनिटांची आहे, पांढरा छोटा हत्ती रिव्हर्स घेताना लागलाय, नंबर स्वच्छ दिसतोय आणि ड्रायव्हर उतरून बघून गेलेला पण दिसतोय. कार्ड काढून पाकिटात ठेवलं, लॅपटॉपवर ॲडाप्टर लॉक करून कॉपी घेतली. भाडं सोडून चौकीला निघालोय, येताना कॅमेऱ्यासाठी दुसरं १२८ घेतो.